पाचवीचा कागद

माझ्या हाताला यश आहे असं आमच्या उपकेंद्राखालच्या पाच गावांत बोललं जायचं, आणि खोटं कशाला सांगू, मला ते ऐकायला फार आवडायचं. मी नर्सबाई. मंठ्यापासून आत, जिथं एसटी दिवसातून दोनदा येते आणि त्यातली एक न आली तरी कुणाला नवल वाटत नाही, अशा गावात माझी नोकरी. बाळंतपणं, लसी, ताप, जुलाब, विंचू, सगळं माझ्याकडे. बाई अडली की तिची सासू रिक्षातून उतरायच्या आधीच ओरडायची, "सिस्टर हाय का? सिस्टर आसली की झालं." मी हातमोजे चढवता चढवता म्हणायची, "मी आहे ना." हे तीन शब्द माझ्या तोंडात इतके बसले होते की झोपेतसुद्धा म्हणत असेन.

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, हे तीन शब्द बिलकुल आवडायचे नाहीत. आमचं घर धनगराचं. आता मेंढरं राहिली नाहीत, दोन शेळ्या आणि थोडी कोरडवाहू जमीन आहे, पण आत्याबाईंचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलेलं. शाळेचं तोंड पाहिलं नाही, सही म्हणजे अंगठा. पण बाई जबर. अंगानं काटक आणि तोंडानं फाटकी. मी "मी आहे ना" म्हटलं की त्या म्हणायच्या, "तू हायेस गं. पर तुला हितं ठिवलं कुनी?" मी सांगायची, "जिल्हा परिषदेनं." मग दोन दिवस आमचं बोलणं बंद. माझा नवरा जालन्याच्या एमआयडीसीत, सळ्यांच्या कारखान्यात कामाला. तिथंच खोली घेऊन राहायचा, सुट्टीला घरी यायचा, आणि आम्ही दोघी एकमेकींशी बोलतोय का हे आधी बघून मगच चप्पल काढायचा.

लग्नानंतर दोनदा मला दिवस गेले आणि दोन्हीदा राहिलं नाही. दोन्ही वेळा आत्याबाई माझ्या उशाशी बसून, माझ्या केसांतून हात फिरवत एवढंच म्हणाल्या, "तिची मर्जी." ती म्हणजे सटवाई. मला त्या मर्जीची इतकी चीड आली की दुसऱ्या वेळी मी त्यांचा हात झटकून टाकला. तिसऱ्या वेळी मी मर्जीबिर्जीला वावच ठेवला नाही. इंजेक्शनं स्वतः टोचून घेतली, गोळ्या घड्याळ लावून खाल्ल्या, सोनोग्राफीला जालन्याच्या वाऱ्या केल्या, चार महिने पलंगाला पाठ लावून पडून राहिले. पोरगा झाला. तांबूस, रडका, तीन किलोला जरासा कमी. त्याला छातीशी धरून मी मनात म्हणाले, हा माझ्या कष्टाचा, बाकी कुणाचा नाही.

पाचव्या दिवशी आत्याबाईंनी पाचवी पुजली. पाटा धुऊन मांडला, वर वरवंटा ठेवला, हळदकुंकू वाहिलं, दिवा लावला, आणि शेजारी एक कोरा कागद नि पेन ठेवलं. त्या रात्री सटवाई येते आणि लेकराच्या कपाळावर त्याचं सगळं लिहून जाते, किती जगेल, काय होईल. कागद-पेन तिच्या सोयीसाठी. मी बाजेवरून विचारलं, "आणि सकाळी कागद कोराच असतो. मग उपयोग काय?"

"तिनं लिवलेलं आपल्याला दिसत नस्तं," आत्याबाई म्हणाल्या. "दिसलं आस्तं तर मानूस जगला आस्ता का?"

पहाटे मी बाळाला पाजायला उठले. आत्याबाई बाहेर अंघोळीचं पाणी तापवायला गेलेल्या. दिवा विझला होता, फटीतून उजेड येत होता आणि कागद तसाच पांढराफटक पडलेला. मी तसं का केलं ते मला ठाऊक नाही असं आजवर दोघांना सांगितलंय. पण ठाऊक आहे. राग. त्या दोन न झालेल्या लेकरांचा राग. मी पेन उचललं आणि रजिस्टरमध्ये लिहिते तसं स्वच्छ अक्षरात लिहिलं: "शंभर वर्षं. डॉक्टर होईल." आणि पुन्हा बाजेवर पडून तोंडात पदर कोंबून हसले.

मला वाटलं होतं, आत्याबाई बघतील, मला चार शिव्या घालतील आणि विषय संपेल. त्या आत आल्या, वाकल्या, आणि एकदम किंचाळल्या, "आगं बया बया! लिवून गेली गं! ह्या येळंला दिसंल आसं लिवून गेली!" त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. सुनेनं उठून असला आगाऊपणा केला असेल हे त्या बाईच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. मी म्हटलं, "बघू बघू, काय लिहिलंय," तर त्यांनी कागद छातीशी धरला. "न्हाई. तिचं लिवलेलं वाचायचं न्हाई. दिष्ट लागंल." कागदाची चौघडी घातली, भंडारा टाकला, पिवळ्या फडक्यात बांधला आणि देव्हाऱ्यात टाकांच्या मागं ठेवून दिला. दुपारपर्यंत निम्मी गल्ली त्या फडक्याला हात जोडून गेली. मी ओठ चावत पडून होते. संध्याकाळी सांगू म्हटलं. मग उद्या. मग बारशाला. सांगायचं राहिलं ते राहिलंच.

पोरगा मोठा होत गेला. माझा जुना स्टेथोस्कोप गळ्यात घालून शेळ्या तपासायचा. "मम्मी, हिला बीपी आहे, हिचं मीठ बंद कर." आत्याबाई पोट धरून हसायच्या आणि म्हणायच्या, "लिवूनच आलाय त्यो." शेजारीपाजारी त्याला डॉक्टरसाहेबच म्हणत. आणि सगळ्यात वाईट काय, तर हळूहळू मलाही ते खरं वाटायला लागलं. अक्षर माझं, शाई माझी, हे ठाऊक असून. त्याला ठेच लागली, तो विहिरीच्या कठड्यावर चढला, की माझ्या मनात पहिलं यायचं, काही होत नाही, शंभर आहेत त्याची.

त्याला सातवं सरत आलं होतं. कापूस वेचणीचे दिवस, गावात घरोघरी ताप. माझ्याकडे रोज वीस-पंचवीस तापाची माणसं यायची आणि सगळी बरी होऊन जायची. म्हणून त्याचं अंग तापलं तेव्हा मी फारसं मनावर घेतलं नाही. औषध दिलं, कपाळावर पट्ट्या ठेवल्या, कामाला गेले. दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं म्हणून रडायला लागला, दोनदा उलटी झाली. आत्याबाई म्हणाल्या, "जालन्याला न्यावं का गं? लेकरू येगळंच करून राह्यलं." मी म्हणाले, "काही नाही, व्हायरल आहे. मी आहे ना."

"तू हायेस. पर मोठ्या डाक्टरला दाखीवलं तर काय बिघडलं?"

"मोठा डॉक्टर हेच औषध देणार आणि वर चार तपासण्या लिहिणार. मला शिकवू नका."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्याची मान उचलून पाहिली. हे मला लिहायला जड जातंय, पण लिहिते. मान वाकली नाही. आम्हाला हे शिकवलेलं असतं, मान ताठ म्हणजे काय ते मला पक्कं ठाऊक होतं. आणि तरी मी स्वतःला सांगितलं, हट्टी आहे, मुद्दाम ताठ करतोय. कारण ते खरं मानलं असतं तर पहिले दोन दिवस माझे चुकले होते असं मानावं लागलं असतं. मी त्याला इंजेक्शन दिलं. माझ्या हाताला यश होतं ना. दुपारी त्याला झटका आला.

शेजाऱ्यांची जीप. मागच्या बाकावर आत्याबाईंच्या मांडीवर त्याचं डोकं, पाय माझ्याकडे. मंठ्याच्या दवाखान्यात बघितलं आणि तिथूनच म्हणाले, जल्दी पुढं न्या. त्या रस्त्यावर कापसाचे टेम्पो पुढं चाललेले आणि एकही बाजूला होईना. मी खिडकीतून डोकं काढून अशा शिव्या दिल्या की ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडे बघितलं. आत्याबाई मात्र पुटपुटत होत्या आणि त्यांचा हात कमरेच्या पिशवीवर होता. त्या पिशवीत पिवळं फडकं होतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

जालन्याच्या दवाखान्यात पोराला आत घेतलं आणि एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली. ताप कधीपासून, तिनं विचारलं. तीन दिवस, मी म्हणाले. "तीन दिवस घरी ठेवलं? कोण बघत होतं?" आत्याबाई पुढं झाल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "आमी अडानी मानसं, मॅडम. म्याच म्हन्लं, उतरंल ताप."

डॉक्टरीण म्हणाली, "आजी, आजकाल गावोगाव नर्सबाई असते. निदान तिला तरी दाखवायचं होतं."

मी तिथं उभी होते. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही, फक्त मान खाली घालून म्हणाल्या, "चुकलं, मॅडम." आयुष्यात खूप मार खाल्ला असता तरी तो एवढा लागला नसता. त्या अडाणी म्हणवून घेत होत्या माझ्यासाठी, आणि मी ते घेत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलो होतो. नवरा कारखान्याच्याच कपड्यांत आला होता आणि औषधं आणायला खाली गेला होता. मेंदूच्या आवरणाला सूज आहे, उशीर झालाय, बघू, एवढंच आतून सांगितलेलं. मला एकदा आत जाऊन सलाईन बघायचं होतं, तर तिथली सिस्टर म्हणाली, "बाई, तुम्ही बाहेर थांबा, तुम्हाला कळत नाही." बरोबरच होतं तिचं. मी बाहेर येऊन बसले. हात मांडीवर ठेवले तर ते मला माझे वाटेनात.

आत्याबाईंनी पिशवीतून पिवळं फडकं काढलं. गाठ सोडली, कागद माझ्यापुढं धरला. "आता वाच. मरू दे ती दिष्ट. काय लिवलंय तिनं, सांग."

मी वाचलं. "शंभर वर्षं. डॉक्टर होईल."

त्यांनी डोळे मिटले आणि मोठ्ठा श्वास सोडला. "शंभर. मंग भ्यायचं कारन न्हाई." त्यांच्या चेहऱ्यावर जी शांती उतरली ती मला बघवेना. माझ्या अक्षरावर विसंबून ती म्हातारी निर्धास्त झाली होती.

"आत्याबाई," मी म्हणाले, "हे मी लिहिलंय. त्या दिवशी पहाटे. सटवाईनं नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. थोबाडीत देतील म्हणून मी गाल पुढं केला असेल, आठवत नाही. त्या उठल्या, नळावर गेल्या, तोंड धुतलं, खूप वेळ तिथंच पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा त्यांनी कागद उलटा केला.

"ह्या अंगाला काय हाय?"

"काही नाही. कोरं आहे."

"मंग तिचं ह्या अंगाला आसंल," त्या म्हणाल्या आणि कोरी बाजू वर करून कागद गुडघ्यावर ठेवला. "काय लिवलंय ते आपल्याला ठावं न्हाई. म्हन आता तिला. तुझं हाय, तू बघ."

मी म्हणाले, "मी असं म्हटलं आणि तिनं नेलं तर?"

"न्यायचं आसंल तर तू धरून बसली म्हनून सोडनार हाय व्हय ती?" आणि मग हळू, अगदी हळू आवाजात, "तीन दिस धरून बसली व्हतीस ना."

एवढं एकच त्या मला बोलल्या. ते वाक्य मी म्हटलं नाही. म्हणायचं होतं, ओठ हलत होते, पण आतून कुणीतरी म्हणत होतं, एकदा सोडलंस की गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, अजून झाडलोटही झाली नव्हती, डॉक्टरीण बाहेर आली आणि तिनं आधी माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी ते वाक्य म्हटलं नव्हतं, तरी तो गेला होता.

लहान लेकरांना आम्ही माती देतो. आत्याबाईंनी तो कागद त्याच्या मुठीत दिला, कोरी बाजू वर करून, आणि मूठ मिटवली. मग सटवाईला मोठ्यानं म्हणाल्या, "तुझं व्हतं, तूच नेलंस. सांभाळ." आणि तिथंच मातीत बसल्या. मेंढरांमागं उभा मुलूख चालून आलेली ती बाई, तिला दोघांनी धरून उठवावं लागलं.

त्यानंतर मी कामावर जायची, पण दोन शिंका आल्या तरी माणसाला पुढं पाठवायची. आणि जो भेटेल त्याला सांगायची, पोराला मी मारलं. डॉक्टरांना नाही सांगितलं, गावाला सांगितलं. बायका म्हणायच्या, आसं बोलू नये. मला ते बोलल्याशिवाय राहवायचं नाही. ते बोलण्यात मला एक प्रकारचा आधार वाटायचा, हे मला फार उशिरा कळलं, आणि तेही मला आपसूक कळलं नाही. एक दिवस अंगणात धान्य निवडताना आत्याबाईंनी सूप खाली आपटलं.

"आजूनबी तूच का गं?"

मी म्हटलं, "काय मी?"

"जगीवनारी तूच, आन् मारनारीबी तूच. तिला कुटं जागाच ठिवली न्हाईस. चुकलीस तू. बराबर हाय, चूक तुझीच, मी न्हाई म्हननार न्हाई, ती तुला जलमभर पुरंल. पर जीव तुझा नव्हता. त्यो तुझ्या हातात कवाच नव्हता, येताना बी न्हाई आन् जाताना बी न्हाई."

मला इतका संताप आला की मी सूप लाथाडून आत गेले. दिवसभर जेवले नाही. मला माझी चूक हवी होती, पूर्ण हवी होती. ती गेली असती तर माझ्याकडे त्याचं दुसरं काय उरलं असतं? पण ती म्हातारी म्हणाली ते मनातून जाईना. मी न्यायला उशीर केला, हे माझं. तो मुळात माझ्या कष्टाचा, बाकी कुणाचा नाही, असं मी त्याच्या जन्माच्या दिवशीच ठरवलं होतं, हेही माझं. आणि त्याच्या आधीची ती दोन? ती मी कोणत्या चुकीनं घालवली होती?

चार वर्षांनी मुलगी झाली. मी काही ठरवलं नव्हतं, अपेक्षाही सोडली होती. आत्याबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, सावल्याच दिसायच्या. पाचवीच्या दिवशी त्या म्हणाल्या, "मला सुदरत न्हाई. तूच मांड." मी पाटा धुतला, वरवंटा ठेवला, दिवा लावला. कागद ठेवताना हात अडला, तरी ठेवला. पेनही ठेवलं.

पहाटे पोरीला पाजायला उठले. दिवा विझलेला, फटीतून उजेड, आणि कागद पांढरा. आत्याबाई या वेळी बाहेर गेलेल्या नव्हत्या, त्यांच्यानं होत नव्हतं, कोपऱ्यात गोधडी घेऊन पडल्या होत्या. मी पेन उचललं. खरं सांगते, उचललं. या वेळी राग नव्हता, नुसती भीती. शंभर नको होती, डॉक्टर नको होता. एकच शब्द लिहायचा होता: "जगेल." टोपण काढलं. पेनाचं टोक कागदाला टेकणार इतक्यात पोरीनं झोपेत तोंड वाकडं केलं, आणि तिचं ते कपाळ मला दिसलं, आठ्या पडलेलं, म्हाताऱ्यासारखं. तिथं काय आहे ते मला वाचता येत नव्हतं. मी कितीही टक लावून बघितलं तरी येणार नव्हतं.

मी टोपण लावलं. पेन खाली ठेवलं. आणि व्हरांड्यात जे म्हटलं नव्हतं ते म्हटलं. आवाज फुटेना, तरी म्हटलं, "तुझी आहे. तू बघ." काही हलकं वगैरे वाटलं नाही. तिला ताप आला तर मी तासाभरात जीप बोलावणार होते, आणि आजही बोलावते, पण त्या जीपमध्ये बसल्यावर पुढं काय ते माझ्याकडे नाही, हे मला त्या पहाटे कळलं आणि मी भिऊन रडले.

कोपऱ्यातून आत्याबाईंचा आवाज आला. त्या जाग्याच होत्या. "लिवलंय का गं काही?"

"नाही. कोरा आहे."

"नीट बघ."

मी कागद उचलला, फटीतल्या उजेडाला धरला, उलटा करून पाहिला. "दोन्ही अंगांनी कोरा आहे, आत्याबाई."

गोधडी डोक्यावर ओढून घेत त्या म्हणाल्या, "मंग बराबर हाय. झोप आता, पोरीला जवळ घे."